लग्नाच्या सकाळचं पाणी

आमच्या घरात भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला तर तो उचलून ओठांना लावायचा, मगच कोंबडीला घालायचा. झावळ्यांच्या रविवारी देवळातून आणलेली झावळी वर्षभर क्रुसामागे खोचलेली असे. ती वाळली तरी केरात जात नसे, जाळायचीच. देऊळ म्हणजे चर्च. ठाण्याच्या खाडीकाठच्या आम्हा ख्रिस्ती शेतकऱ्यांत तोच शब्द. यातलं काही आईला कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं, तिला वाचताच येत नव्हतं. मी मात्र मुंबईला कॉलेजात जात होते. घरातली पहिली, आणि आळीतली पहिली मुलगी. हे मी कोणाला विसरू देत नसे.

त्या काळी मिसेला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पोट रिकामं हवं. अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही. आई याबाबत इतकी कडक, की सकाळी आम्ही चूळ भरली तरी ती आमच्या गळ्याकडे बघत राही. मग एका रविवारी फादरांनी सांगितलं, रोमहून नवा नियम आलाय, पाण्याने आता उपास मोडत नाही. घरी येताना आई म्हणाली, "रोमची माणसं म्हातारी झाली असतील. आपल्याला काय धाड भरलीय?" विषय संपला.

पुढच्या मे महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न निघालं. तिला आम्ही बाय म्हणायचो. आमच्याकडे लग्नाच्या सकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी घेऊन येतात आणि त्याने नवरीला न्हाऊ घालतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. परसात पाट मांडून बायला बसवलं. मामीने पहिला तांब्या डोक्यावर ओतला. उकाडा जबर, त्यात बाय आदल्या दिवशी धड जेवलेली नाही. दुसऱ्या तांब्याला तिने ओंजळ धरली आणि घटाघटा प्यायली.

"अगो, काय केलंस!" मामी ओरडली.

"भान नाही राहिलं गो मामी." बायचा चेहरा पांढराफटक पडला.

मिसा दोन तासांवर. नवरीने आपल्याच लग्नाच्या मिसेत प्रसाद घेतला नाही, तर दोन्ही गावं एकच विचारणार: हिच्या पदरी असं कुठलं पाप आहे? तो प्रश्न घेऊन तिला सासरी जन्म काढायचा होता.

मी म्हटलं, "पाणी चालतं आता. फादरांनी सगळ्यांदेखत सांगितलंय."

"तुझं कॉलेज ठेव बाजूला," बाय म्हणाली. "आई सांगेल ते."

आई आली. ऐकलं. ओरडली नाही. "एवढी तहान, पोरी?" इतकंच म्हणाली आणि पदर डोक्यावर घेऊन बैलगाडीत जाऊन बसली. मीही चढले. वऱ्हाडाच्या आधी आम्ही दोघी देवळात पोचलो.

फादर मागच्या खोलीत मिसेचे झगे चढवत होते. आईने दारातूनच सांगितलं.

"पाणी चालतं बाई. किती वेळा सांगू?"

"घोटभर नाही फादर. ओंजळभर."

"विहीरभर प्यायली असती तरी चालतं."

आईला ते बोलणं आवडलं नाही, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. पण वऱ्हाड आलं तेव्हा तिने बायचा जाळीचा बुरखा नीट केला आणि म्हणाली, "फादर म्हणतात घे. घे तू."

बायने घेतला. तिच्या मागोमाग आमचं सगळं घर प्रसादासाठी वेदीपुढच्या कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकून बसलं. आई जागची उठली नाही.

मांडवात बायच्या सासूने विचारलंच. "विहीणबाई, लेकीच्या लग्नात तुम्हीच बसून राहिलात?"

"सकाळी पाणी प्याले."

"अगो बाई, पाणी चालतं ना आता! आमच्या फादरांनी कधीच सांगितलं."

"हो काय? आमच्याकडे अजून पोचलं नाही."

बायका खो खो हसल्या. खाडीकाठची अडाणी विहीण म्हणून आईचं त्या गावात नाव झालं. बायबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

आईने त्या सकाळी पाण्याला बोटही लावलं नव्हतं. रात्री उष्टी काढताना मी तिला विचारलं, "मग उठली का नाहीस?"

"तिचा मोडलेला उपास कोणाच्या तरी वाट्याला जायला नको?"

"मोडलाच नव्हता, आई. आणि असं एकाचं दुसऱ्यावर घेता येत नाही. धर्मात असं कुठे नाही."

"नसेल," ती म्हणाली आणि पातेलं माझ्याकडे सरकवलं.

मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. नियम बदलला होता, फादर बरोबर होते, मीही बरोबर होते.

त्या शनिवारी ती पापं सांगायला देवळात गेली. विहिणीशी खोटं बोलले, हे सांगायला. परत आली ती रागाने लाल.

"काय म्हणाले फादर?" मी विचारलं.

"हसले," आई म्हणाली. "देवळात बसून हसले. आता बोल."