डाव्या हाताच्या बांगड्या

लोक माणूस तोंडावरून ओळखतात, मी मनगटावरून ओळखते. आमचं कासाराचं घर. खुटबावात सासऱ्यांच्या वेळेपासून बांगड्यांचं दुकान आहे आणि गावातल्या बहुतेक बायकांचे हात माझ्या हातातून गेलेत. कुणाचं हाड रुंद, कुणाची कातडी मऊ, कुणाला नवरा मारतो, सगळं बांगडी चढवताना कळतं. तोंडाला पावडर फासता येते, मनगटाला काय फासणार?

धुरपदाआक्काचं मनगट मात्र मला कधीच लवकर वश झालं नाही. निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, हाड दणकट, अंगठ्याखालचा सांधा जसा काही दगडाचा. दोन बोटं ढिली बांगडी घाल म्हटलं तर ऐकायची नाही. "घट्ट भर, गिता. निगायला नको," एवढंच म्हणायची. मी दाबून दाबून चढवायची, तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण हू की चू नाही. बाकीच्या बायका बांगड्या भरताना चार घरच्या चार गोष्टी सांगतात. ही गप्प. हात पुढं करायची आणि रस्त्याकडं बघत बसायची.

रस्त्याकडं का, ते गावाला माहीत होतं. तिचा नवरा बिरदेव त्र्याण्णव साली लोणंदच्या बाजारला गेला तो आलाच नाही. आमच्याकडं कालव्याचं पाणी खेळायला लागलं, जिकडंतिकडं ऊस झाला, गुऱ्हाळं झाली आणि मेंढरं चारायला जागा राहिली नाही. तेव्हा धुरपदाआक्कानंच हट्ट धरून कळप विकायला लावला. दोन एकर होतं, त्यात मेथी-कोथिंबीर, थोडा झेंडू. पोटापुरतं यायचं. पण बिरदेव म्हणजे जन्मभर आभाळाखाली निजलेला गडी. पत्र्याच्या घरात त्याचा जीव गुदमरायचा. वर्षभर तो ओट्यावर बसून राहिला. मग एका गुरुवारी सकाळी खांद्यावर कांबळं टाकलं, काठी घेतली आणि म्हणाला, "चार मेंढरं बगून येतो." आक्का चुलीपुढं होती. तिनं मान वर करून बघितलं नाही की व्हय म्हटलं नाही. तेवढंच त्यांचं शेवटचं बोलणं, तेही एकतर्फी.

पुढं कुणी म्हणालं कोकणात दिसला, कुणी म्हणालं सोलापूरच्या बाजूला एका कळपात राखण्या आहे. भाऊबंद चार ठिकाणी जाऊन आले. माणूस नाही, मढं नाही, निरोप नाही. मला त्या बिरदेवाचा अजून राग आहे. मरायचं तर मरावं, जायचं तर जावं, पण बायकोला सांगून तरी जावं. ना धड सवाशीण, ना धड विधवा, असं करून ठेवलं बाईला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावातल्या शहाण्या बायका तिच्यापाशी आल्या की करंडा पुढं करू का मागं घेऊ करत घुटमळायच्या. एकदा मीच एकीच्या हातातला करंडा घेऊन आक्काला कुंकू लावलं होतं आणि वर दोन शब्द सुनावले होते. पुढच्या वर्षीपासून आक्का हळदीकुंकवाला यायचीच बंद झाली. बांगड्या भरायला मात्र नागपंचमीला आणि संक्रांतीला न चुकता यायची.

तिनं दाराला कधी कुलूप लावलं नाही. रानात जाताना नुसती कडी. मी एकदा म्हटलं, "आक्का, चोरी झाली म्हंजी?" तर म्हणाली, "काय न्हेत्याल? पर त्यो आला आन् कुलूप दिसलं तर माघारी फिरंल. त्यो काय शेजारी चौकशी करणारा न्हाई."

तेरा वर्षं अशी गेली. एका सकाळी हापशावर पाणी भरता भरता तिला चक्कर आली. हंडा एकीकडं, ती एकीकडं. आम्ही दोघी-तिघींनी उचलून टमटममधून यवतला नेली. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला आणि तोंड वाकडं केलं. ब्लडप्रेशर दोनशेच्या घरात. "एकशेतीस-ऐंशीपर्यंत आलं पाहिजे," ते म्हणाले, गोळ्या दिल्या आणि रोज बघत राहायला सांगितलं. रोज यवतला कोण येणार?

तिची लेक शितल कारेगावला दिली होती. जावई रोहिदास तिकडच्या एका कंपनीत हेल्पर. शितल धावत आली आणि आईला न्यायचंच म्हणून बसली. "माझ्याकडं येक खोली हाय, पर हाय ना? हितं पडलीस तर तोंडात पाणी कोण घालंल?" आक्का म्हणाली, "मी न्हाई येत." दोघींचं दोन दिवस हेच चाललं होतं. शेवटी रोहिदासनं तोड काढली. शिरूरच्या मेडिकलमधून तो मनगटावरचं बीपीचं मशीन घेऊन आला. घड्याळासारखं बांधायचं, बटण दाबायचं, ते आपोआप आवळतं, सुटतं आणि आकडे दाखवतं. त्यानं आम्हाला ते स्वतःच्या हाताला बांधून दाखवलं. हात असा दुमडून छातीपाशी धरायचा, हलायचं नाही, बोलायचं नाही. झालं की पीं करून वाजतं.

"दंडाचं बांधायला दुसरं माणूस लागतं," तो म्हणाला. "दुकानदार म्हणला, हे एकट्या माणसाला बरं."

एकट्या माणसांसाठी कुणी वेगळं यंत्र करतं, म्हणजे अशी माणसं जगात किती झाली असतील.

शितलनं मग अट घातली. आईनं रोज सकाळी मोजायचं आणि माझ्या दुकानातल्या रुपयाच्या फोनवरून आकडा कळवायचा. आकडा नीट असेल तोवर तिनं खुटबावात राहायचं. एक दिवस जरी चुकलं तरी घराला कुलूप आणि कारेगाव. कुलूप म्हटल्यावर आक्कानं मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज यायची. डब्यात रुपया टाकायची, बटणं दाबायची आणि मोठ्यानं सांगायची, "येकशेतीस, ऐंशी. बरी हाय मी. पोरं बरी हायती? ठेवते." संपलं. परवाही एकशेतीस-ऐंशी, तेरवाही तेच. मला बरं वाटलं. म्हटलं, गोळी लागू पडली. मी कासारीण, मला ब्लडप्रेशरमधलं काय कळतंय. पण शितलला कळलं. तिच्या शेजारच्या म्हाताऱ्याचा आकडा रोज बदलायचा. एका रविवारी ती न सांगता आली आणि आईला घेऊन सरळ माझ्या दुकानात बसली.

"आई, माज्यासमोर मोज."

आक्कानं पिशवीतून मशीन काढलं. डाव्या मनगटावर हिरव्या बांगड्या गच्च होत्या, बोट शिरायला जागा नाही. तिनं तो पट्टा बांगड्यांवरूनच गुंडाळला आणि बटण दाबलं. मशीन घरघरलं, फुगलं, थांबलं. आकडा नाही, नुसतं एक इंग्रजी ई उमटलं. पुन्हा दाबलं, पुन्हा ई. मग माझ्या लक्षात आलं. रोहिदासनं दाखवलं ते स्वतःच्या हातावर. मशीनच्या खोक्यावरचं चित्रही पुरुषाच्याच हाताचं. मोकळ्या मनगटाचा हिशेब करून सगळ्यांनी सगळं ठरवलं होतं आणि बांगड्यांचा विचार कुणाच्या मनातच आला नव्हता. इतके दिवस आक्का डॉक्टरांनी सांगितलेला चांगला आकडा लेकीला ऐकवत होती.

"वर सरकव त्या," शितल म्हणाली. बांगड्या सरकतात कुठल्या. तिनं आईचा हात धरून त्या जोरानं वर रेटल्या, पट्टा खाली कोंबला आणि स्वतःच बटण दाबलं. मशीन फुगत गेलं आणि टच्चकन आवाज झाला. एका बांगडीचे दोन तुकडे जमिनीवर पडले.

आक्काचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्यात बांगडी फुटली म्हणायचीसुद्धा पद्धत नाही. वाढवली म्हणायचं. नवी भरतानासुद्धा एक जुनी हातात ठेवायची, ती नसेल तर दोरा बांधायचा, पण मनगट क्षणभरही मोकळं सोडायचं नाही. आणि शितल, स्वतः लेकुरवाळी, माझ्या दुकानात उभी राहून म्हणाली, "फुटली तर फुटली. आई, आबा येनार न्हाई. तेरा वर्सं झाली. काढ त्या सगळ्या."

मी म्हटलं, "शितल, तोंड सांभाळ."

"मावशी, तुमी मधी पडू नका." तिचा आवाज फाटला. "मला बाप न्हाई राह्यला. निदान आय तरी राहू दे. त्या काचंपायी ही मरायची आन् मला फोन यायचा, तो बी तुमच्याच दुकानातनं."

पोरीचं काही खोटं नव्हतं.

आक्का वाकून तुकडे गोळा करत होती. ते तिनं पदराच्या टोकाला बांधले. शितल डोळे पुसून उठली. "उद्या सकाळी खरा आकडा सांग. न्हाईतर परवा हे टेम्पो घिऊन येत्याल," म्हणाली आणि दुपारच्या एसटीनं गेली.

आक्का संध्याकाळपर्यंत माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून होती. गिऱ्हाईकं तिला ओलांडून येत-जात होती. तिच्यापुढं काय वाढून ठेवलं होतं ते मला दिसत होतं. बांगड्या ठेवायच्या तर घर सुटणार, दाराला कुलूप पडणार आणि तो आला तर माघारी फिरणार. घर ठेवायचं तर त्याच्या नावाच्या बांगड्या उतरवायच्या. एवढं अवघड तर देवसुद्धा कुणाला घालत नाही. मला वाटलं होतं, रडेल. ती रडली नाही. रडायला समोर कुणीतरी आपलं लागतं. मी तेरा वर्षं तिचा हात हातात घेत आले, पण तिचं आपलं म्हणावं अशी मी नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं आणि वाईट वाटलं.

सकाळी मी दुकान उघडते तर ती दारात. मशीनची पिशवी काखेत. खाली बसली आणि डावा हात माझ्यापुढं धरला.

"काढ," म्हणाली. "पर येक बी वाढवायची न्हाई. सगळ्या अख्ख्या पायजेत."

बांगडी चढवणं माझा धंदा, उतरवणं नाही. नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या उतरवायला दुसऱ्या बायका असतात, कासाराला कुणी बोलावत नाही. साबणाचं पाणी केलं, तिचं मनगट भिजवलं, अंगठा तळव्यात दुमडला. "हात सैल सोड, आक्का." तिनं सोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो हात माझ्या हातात असा सैल पडला. एकेक बांगडी सांध्यावरून ओढून घेतली. कातडी सोलली, थोडं रक्त आलं, ती रस्त्याकडं बघत होती. शेवटची निघाली तेव्हा खाली कातडीचा एक पांढरा पट्टा होता. ऊन न लागलेला, लहान पोरीच्या हातासारखा मऊ. मला तिथं बघवेना. सवयीनं मी दोरा शोधायला लागले.

"दोरा नको," ती म्हणाली. "मशीन बांध."

मी मशीन बांधलं. तिनं हात छातीपाशी दुमडून धरला, रोहिदासनं सांगितलं होतं तसा. बटण दाबलं. पट्टा आवळत गेला. बोलायचं नाही म्हणून आम्ही दोघी गप्प बसलो. तिनं डोळे मिटले होते. मग पट्टा सैल झाला आणि मशीन पीं करून वाजलं.

"गिता," ती डोळे न उघडता म्हणाली, "बरं हाय गं हे. हात सोडताना सांगून तरी सोडतंय."

आकडा वाचला. एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचा शंभराच्या वर. मी म्हटलं, "आक्का, लईच हाय." तिनं बांगड्या साबणाच्या पाण्यातून काढून पदरानं पुसल्या, मशीनच्या प्लॅस्टिकच्या डबीत नीट ठेवल्या, पदराचे तुकडेही सोडून त्यातच ठेवले. उजव्या हातातल्या बांगड्यांना तिनं हात लावला नाही.

फोन लागला. तिनं खरा आकडा सांगितला. पलीकडून शितल बोलली ते मला पायरीपर्यंत ऐकू आलं, कारण पोरगी रडत बोलत होती.

"आई, म्हंजी काढल्यास तू?"

"डाव्या हाताच्या काढल्या. गोळी वाढवून घेते आजच, यवतला जाते. तू टेम्पो धाडू नगं. बोलल्याप्रमानं मोजलंय मी."

"आन् उजव्या?"

आक्कानं रिसीव्हर डाव्या हातात घेतला. मोकळ्या हाताला तो जड झाल्यासारखा तिनं एकदा सावरला.

"त्या राहू दे," ती म्हणाली. "दार मी उजव्या हातानंच उघडते."