कोपऱ्यातलं सामान

गल्लीत त्याला सगळे नकाशावाला म्हणत. घर झाडणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात तो यंत्रांना घर शिकवायचा: हे दार, हा उंबरठा, पुढं जिना आहे बरं, पडशील. "यंत्राला वाट दाखवतोस आणि स्वतः मीठ आणायला जाऊन रिकाम्या हातानं परत येतोस," असं आई म्हणायची. तिची जीभ म्हणजे धार लावलेली विळी.

यंत्राचा हिशेब सरळ. हललं तर माणूस. लागोपाठ तीन फेऱ्यांत जागचं हललं नाही तर सामान.

त्या दिवशी एक नवं यंत्र चाचणीला म्हणून त्यानं घरी सोडलं होतं. बायको कामावर, घरात एकटी आई. दुपारी साडेबाराला त्याच्या पडद्यावर प्रश्न उमटला: स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नवं सामान, नोंदवू? आईनं पाण्याचं पिंप सरकवलं असेल. असले शंभर प्रश्न रोज येत. त्यानं 'हो' दाबलं आणि डबा उघडला.

तिसऱ्या घासाला हात थांबला. भरलेलं पिंप आईला एकटीला हलतंय कुठं? फोन लावला. नुसता वाजत राहिला.

घरापर्यंत तो पळतच गेला. आई कोपऱ्यात भिंतीला टेकलेली, तोंड एका अंगाला ओघळलेलं, डोळे उघडे. आणि यंत्र तिच्या पायांना वळसा घालून शहाण्यासारखं झाडतंय.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो बघितला. "गुठळी आहे. झटका कधी आला? साडेचार तासांच्या आत असेल तरच औषध देता येईल, नाहीतर तेच जिवावर उठेल."

"सकाळी नऊला मी निघालो, तेव्हा धडधाकट होती."

"आता दोन वाजायला आलेत. नऊ धरले तर वेळ गेली."

त्यानं फोनवर यंत्राच्या फेऱ्यांची नोंद उघडली. अकराला कोपऱ्यात. त्याच्या आधी, साडेदहाला, ओट्यापाशी माणूस, चालतं.

"साडेदहाला चालत होती बाई!"

बाईंनी पडदा निरखला. "खाली हे काय? सामान, मंजूर. कुणी केलं?"

"मी."

बाई सिस्टरला म्हणाल्या, "औषध भरा." आणि त्याला, "तिचा डावा हात धरून बसा. बोटांत जोर आला की हाक मारा."

हात गार होता, ओल्या फडक्यासारखा.

"आई," तो म्हणाला, "एखादी शिवी तरी हासड गं."