दोन्ही हातांनी पुरी

पुरीसुद्धा ते दोन्ही हातांनी वाढायचे. कमरेत वाकून, मान खाली घालून. "घ्या ताई, गरम हाय." आमच्या टूरचे आचारी. सगळे त्यांना महाराज म्हणत, म्हणून मीही म्हणायचो.

केडगावात माझं टूरचं छोटं ऑफिस आहे. वर्षातून दोनदा पंचवीस-तीस माणसं कोरियाला, सोलला नेतो. पत्रकात छापतो, "राजवाडा, जुन्या वस्त्या, तिथल्या संस्कृतीचा अनुभव" आणि त्याखाली ठळक अक्षरांत, "रोज घरगुती मराठी जेवण". बुकिंग होतं ते या खालच्या ओळीवर.

ही माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला त्यांची शिसारी येते, आणि माझं पोट त्यांच्यावरच चालतं. तिथल्या बाजारात नाकाला रुमाल लावून फिरायचं, म्हातारीनं कौतुकानं चाखायला दिलेलं तिच्यासमोरच थुंकायचं, आणि बसमध्ये टेकल्या टेकल्या विचारायचं, "आज पिठलं आहे ना?"

पहिल्याच टूरला महाराजांनी हॉटेलच्या खोलीत चोरून मिरचीची फोडणी घातली. धुराचा भोंगा वाजला आणि अख्खं हॉटेल रस्त्यावर आलं, कुणी तर टॉवेलवरच. आमच्यातल्या एका निवृत्त साहेबांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, माफी मागू या म्हणतील. ते म्हणाले, "मग जेवणाचं काय?" महाराज मात्र खोकणाऱ्या एकेका माणसापुढे हात जोडत हिंडत होते.

ते बघून हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या एका बाईंनी दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःची एक शेगडी दिली. भाषेचा पत्ता नाही, तरी दोघांचं जमलं. मान द्यायचा असेल तर वस्तू दोन्ही हातांनी द्यायची, हे महाराज त्या बाईंकडून शिकले. त्यांची आंबवलेली कोबी खाऊन म्हणाले, "लई झ्याक. आमच्या खारातल्या मिरचीची चुलत भैन हाय ही." माझ्या पत्रकातला तो संस्कृतीचा अनुभव घेतला एकट्या आचाऱ्यानं, तोही भांडी घासता घासता.

राजवाडा तेवढा राहिला होता. अकोले तालुक्यातल्या त्यांच्या गावात त्यांची मुलगी मोबाईलवर कोरियन मालिका बघायची. तिनं एकच मागितलं होतं, तिथला पायघोळ पोशाख घालून राजवाड्यापुढे बाबांचा एक फोटो. त्यांचा फोन बटणांचा, म्हणजे फोटो मीच काढायचा होता. दर टूरला मी म्हणायचो, या वेळी नक्की. ते म्हणायचे, "आमचं काय सायेब, मागून बघू."

सहाव्या टूरला मी त्यांना पहाटेच पुऱ्या तळायला लावल्या, डबे भरले आणि बसमध्ये बसवलं. राजवाड्यासमोरच्या दुकानात भाड्यानं पोशाख घेतला. महाराजांनी तो अंगात घातला, छातीवरची गाठ बांधायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात आमच्यातल्या दोन बायका डबा घेऊन आल्या. "गार पुऱ्या खायला इतक्या लांब आलो का आम्ही? संध्याकाळी तरी गरम जेवण मिळू दे."

मी नाही म्हणायला हवं होतं. पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जातील, या भीतीनं मी नुसतं महाराजांकडे बघितलं. त्यांनी पोशाख उतरवला, नीट घडी घातली आणि दुकानातल्या पोरीला दोन्ही हातांनी परत दिला. "मागून बघू," म्हणाले आणि टॅक्सीनं हॉटेलवर गेले.

गेल्या पावसाळ्यात महाराज हार्टअटॅकनं गेले. मी भेटायला गेलो, तेव्हा मुलीनं विचारलं, "काका, बाबांचा तिथला एखादा फोटो असंल ना तुमच्याकडं?"

सहा टूरचे फोटो धुंडाळले. बस, राजवाडा, हसणारे लोक, ताटंच ताटं. एका ताटाच्या कडेला दोन हात सापडले, पुरी वाढणारे, कोपरापर्यंतच. मनगटावरचा भाजल्याचा डाग बघून तिनं ओळखले.

बराच वेळ ती त्या हातांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "ह्याच्या मागं राजवाडा हुता का?"

मागं हॉटेलच्या जेवणघराची भिंत होती. मी "हो" म्हणालो. आता शिसारी येते ती माझीच.