माह्या हाताच्या मापाचं मडकं

सगळ्याइले जय भीम. मी करडीची शेवंताबाई. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर घरी बोलवायले येत म्हणून. नातीनं, पूनमनं, मोबाईलवर लिहायले शिकवलं, आता भोगा.

पूनमले पोरगी झाली. नामकरणाले घरचीच चाळीस माणसं, मटणाचा रस्सा अन् माह्या हातच्या लांब रोट्या. चुलीवर पालथ्या मडक्यावर भाजतात, त्या. पण मागच्या महिन्यात पाहुण्याइसमोर माह्या तीन रोट्या फाटल्या. तिसरी तर चुलीतच गेली. लेक म्हणे, "आई, नामकरणाले रोटीवाल्या बाया सांगून टाकतो."

मी म्हटलं, "मडकं म्हातारं झालं, मी नाही. नवीन आणते, मग पाह्य."

जुनं मडकं ज्याच्या बापाच्या हातचं, तो दसरू कुंभार पवनीकडे आहे. त्याचं गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेलं, आता पुनर्वसनात राहतो. मी सुतळीनं जुन्या मडक्याचा घेर मोजला, गाठ मारली अन् सुतळी पदरात बांधली. संगं विहीणबाई निघाल्या. लेकाची सासू ती. माही फजिती पाहायले मिळणार असली तर पायदुखी विसरते.

तुम्हाले जायचं असलं तर ऐका. करडीवरून सकाळची बस धरून भंडारा, तिथून पवनीची बस. बायकाइले अर्धं तिकीट, आधारकार्ड ठेवा. पवनीले उतरल्यावर तर्रीपोहे खा, पण तर्री वेगळी मागा. विहीणबाईनं वरूनच ओतून घेतली अन् ऑटोत बसेपर्यंत नाक पुसून राहिली. ऑटोवाला माणशी चाळीस म्हणे. मी म्हटलं, "एवढ्यात तर तू मले घरी नेऊन सोडशील." तीसवर आला.

दसरूभाऊ अंगणात चिखल तुडवून राहिले होते. मी सुतळी काढून ऐटीत दिली. "एवढंच पाह्यजे. बोटभर कमी नाई, जास्त नाई."

त्याइनं सुतळी पाह्यली अन् परत दिली. "हे मडक्याचं माप झालं, माय. तुमचं कुठी हाये?"

"माहं कायले? मी का चुलीवर बसणार हाओ?"

विहीणबाई हसली. दसरूभाऊ नाही हसले. "रोटी करून दाखवा, तवाच मडकं घेतो करायले. माह्या बापाची रीतच हाये."

त्याइच्या बायकोनं भिजवलेली कणीक आणून दिली. मी मऊ होईपर्यंत आपटली, गोळा दोन्ही हातावर खेळवला, कोपरापर्यंत रोटी लांबवली अन् त्याइच्या मोठ्या मडक्यावर टाकली. उजवीकडून बसली. डावीकडून चरकन फाटली. दुसरी केली, तीही तिथंच फाटली.

"मडकं खराब हाये तुमचं," मी म्हटलं.

"डावा हात वर करा, माय."

केला. कानापर्यंत गेला अन् अडकला. मले वाटलं होतं, हे कोणालेच माहीत नाही.

दसरूभाऊनं शिंदीचं पातं घेऊन माहा कोपरापासून बोटापर्यंतचा हात मोजला. मग म्हणाले, "चार बोटं लहान करतो. अन् ओलं असताना डावीकडून थापटून उतार देतो. हात कमी उचलला तरी रोटी आपसूक बसते."

मले राग आला. "म्हणजे बुढीचं मडकं! मले जुन्यासारखंच पाह्यजे."

"जुन्यासारखं तर मलेबी नाई जमत," ते म्हणाले. "ती माती आमच्या तळ्याची होती. तळं पाण्याखाली गेलं. आता ही माती जशी हाये, तसं मडकं करतो."

मी सुतळी परत पदरात बांधली. साडेतीनशे रुपये ठरले. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसली. विहीणबाई म्हणे, "अवो, माह्या गुडघ्याच्या मापाचा संडास बांधला, तवा मी रडली का?" मी हसली नाही. मोहाडीच्या जवळपास आल्यावर मात्र हसू आवरलं नाही.

दहा दिवसांनी मी एकटीच आणायले गेली. मडकं एका बाजूनं उतरतं, झोप आलेल्या माणसासारखं. गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणे, "आजी, लेकरू मोठं हाये, तिकीट लागंल." मी म्हटलं, "दहा दिवसांचं आहे, बाप्पा, आधार नाही निघालं अजून."

नामकरणाच्या सकाळी लेक रोटीवालीचा नंबर खिशात घेऊन माह्यामागंच उभा. पहिली रोटी टाकली. डावा हात जेवढा जातो तेवढाच उचलला. रोटी घसरली, पसरली अन् बसली. अख्खी! दुसरी बसली. दहावी झाली तवा लेक तिथून गेला, मंडपात खुर्च्या मांडायले. रोट्या चार बोटं लहान होत्या, म्हणून लोकाइनं दोनच्या जागी तीन खाल्ल्या अन् वाटलं का आज भूकच जास्त आहे.

म्हणून सांगते, पवनीकडे गेल्या तर सुतळी नेऊ नका, हात न्या. अन् जुनं मडकं मी फोडलं नाही, सुनेले दिलं.

पण सुनेले नव्याचाच मोह. परवा तिनं माह्या नव्या मडक्यावर रोटी टाकली. तिचा हात सरळ डोक्यावर जातो, रोटी उतारावरून सुटली ती थेट राखेत.

"आई, वाकडं हाये हो तुमचं मडकं!"

मी म्हटलं, "मडकं बरोबर आहे, माय. तुहा खांदा चांगला आहे."