डासांची सवय

पंचवटीच्या बाहेर, मळ्याला लागून आमचं घर होतं. दरवर्षी मलेरियावाले डीडीटी फवारायला आले की आम्ही भांडी आणि देव ओट्यावर काढायचो. माझ्या लहानपणी दुसऱ्या दिवशी केरात मेलेले डास निघत. मी कॉलेजात जाईपर्यंत ते निघेनासे झाले.

"त्यांना औषधाची सवय झाली," आई म्हणायची.

मी प्राणिशास्त्र शिकत होते, म्हणून हे ऐकलं की डोकं फिरायचं. एकदा तिला ठणकावलंच, "अडाण्यासारखं बोलू नकोस. सवय कुठल्याच डासाला होत नसते. मरायचे ते मेले. थोडे जन्मतःच औषधाला पुरून उरणारे होते, ते वाचले. आताचे डास ही त्यांचीच पिलावळ, तितकीच चिवट."

त्याच पावसाळ्यात मलेरियाचा ताप मेंदूत गेला आणि माझा धाकटा भाऊ दगावला.

दहाव्याचं उरकून गोदावरीवरून घरी आलो. मावशीनं आईच्या पाठीवर हात ठेवला. "होईल गं हळूहळू सवय."

"सवय कुणालाच होत नसते," आई म्हणाली. "मरायचा तो मेला. आपण चिवट, म्हणून उरलो. विचार हिला."