राजगुरुनगरला एवढं पाणी नाही

मी विमान चालवायला शिकवतो. राहतो कासारवाडीला, आणि आमची धावपट्टी आहे पूर्वेला, उसाच्या पट्ट्यात. गेल्या हिवाळ्यात जे झालं ते मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही. कमी बोलणारा माणूस आहे म्हणून ते खपून गेलं.

आम्ही शिकलो तेव्हा कागदी नकाशावर पेन्सिलीने रेघ मारायचो. किती वेळाने खाली काय यायला हवं हे आधी ठरवायचं, मग घड्याळ बघायचं, मग नकाशा, आणि शेवटी जमीन. विमान कुठे आहे ते दाखवणारा टॅबलेट आला आणि हा क्रम उलटला. आधी स्क्रीन बघायची, मग खाली जे दिसेल त्याला स्क्रीनवरचं नाव द्यायचं. इतकं सोपं, की आपण हे करतोय हे मला कळलंही नाही.

त्या दिवशी जिला घेऊन उडालो ती मुलगी चाकणजवळच्या एका जुन्या गावातली. एकटीने लांबचं उड्डाण करण्याआधीची तिची शेवटची चाचणी होती. पश्चिमेला चाकणपर्यंत जायचं, तिथून हायवे धरून उत्तरेला राजगुरुनगर, आणि परत. हवेत धुरकट पांढरा थर होता. तिने मांडीवर नकाशा पसरला तेव्हा मी म्हणालो, "ठेव तो मागे. परीक्षेला बसलीयस की पतंग उडवायला?" ती हसली आणि नकाशा मागे ठेवला.

काही वेळाने म्हणाली, "सर, घड्याळाप्रमाणे चाकण मागे गेलं."

स्क्रीनवर आमचं छोटं विमान चाकणच्या अलीकडे होतं. "समोरून वारा असेल. स्क्रीन बघ."

वारा पाठीमागून होता. स्क्रीनवरचं विमान थिजलं होतं. सिग्नल गेला की टॅबलेट वाजतो, पण तो आवाज कटकट होते म्हणून मीच बंद करून ठेवला होता. मग थरातून निळ्या पत्र्यांच्या शेड दिसल्या. "हे बघ, आलं तुझं चाकण. वळ उत्तरेला."

या पट्ट्यात निळे पत्रे कुठे नाहीत? त्या चाकणच्याही पश्चिमेला, तळेगावच्या बाजूच्या शेड होत्या. ती वळली. हायवे काही खाली येईना. खाली आलं ते पाणी, लांबच लांब, काठाला शेवाळी.

"सर, राजगुरुनगरला एवढं पाणी नाही."

"शेततळं असेल."

"एवढं?"

पुढच्या पांढऱ्यात काहीतरी काळसर होऊ लागलं. माझी नजर अजून स्क्रीनवरच होती. तिने न विचारता विमान उजवीकडे वळवलं, वर खेचलं, आणि माझ्या खिडकीच्या बाजूने डोंगराची धार खाली गेली. कारवीची वाळलेली झुडपं दिसली, इतक्या जवळून. मग ती होकायंत्र बघत सरळ पूर्वेला गेली, हायवे सापडेपर्यंत.

उतरल्यावर आमच्या उड्डाणशाळेच्या प्रमुखांनी विचारलं, उशीर का झाला. तिचे वडीलही तिथे उभे होते. मी म्हणालो, "वाट चुकली ती. सांभाळून घेतलं मी."

"आवो सर," वडील म्हणाले, "बांधावरनं आख्खा तालुका दाखवती ही, अन् वर जाऊन हुकली व्हय?" सगळे हसले. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तीही हसली. त्या वेळी मी तोंड उघडू शकत होतो.

त्यानंतर ती दोन टॅबलेट घेऊन येऊ लागली. मी ते महिनोन्‌महिने बघत राहिलो. तिला एकटीला पाठवायची वेळ आली तेव्हा मात्र राहवेना. तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. थिजलेलं चित्र, बंद केलेला आवाज, तळेगाव. चूक माझी होती आणि वाचवलं तू, असं सांगितलं.

"नाही हो सर," ती मला समजावत म्हणाली. "मीच हुकले होते. मला बाहेरचं नीट कळतच नाही. तुम्ही उगाच मनाला लावून घेताय."

ती खरंच तसं मानत होती. मी प्रमुखांनाही खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग आता तुम्हीच ठरवा राव, तिला सोडायचं का."

मी तिच्या शेजारी बसून पुन्हा त्याच वाटेने गेलो. दोन्ही टॅबलेटवर टॉवेल टाकला. हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती. चाकण तिच्या घरासकट खाली पसरलं होतं.

"सर, हे चाकणच ना?"

"तू सांग."

"हायवे हाच ना, सर?"

ती खिडकीतून बराच वेळ बघत राहिली. ओठांवर घाम आला होता. मग तिचा हात टॉवेलकडे गेला. मी तो अडवायला हवा होता. पण आपण नेमके कुठे आहोत, हे मलाही स्क्रीनवर बघायचं होतं.