शुद्धीकरण विभागातला देवराव

देवराव गेल्याचं मला अमरावतीच्या बस स्टँडवर कळलं, तेही तिसऱ्या दिवशी. अकोल्याहून आलेला त्याचा साळा म्हणाला, "मास्तर, भाऊजी गेले." माझ्या तोंडून निघालं, "न सांगता गेला? सवयच होती त्याची." मग लाज वाटली... पण खोटं कशाला बोलू, राग आधी आला, रडू मागून.

आम्ही बोर्डिंगात एका ताटात जेवलेलो. छप्पन्न साली दोघांच्याही घरांनी दीक्षा घेतली, तेव्हा मॅट्रिकला होतो. पुढं मी नांदगाव खंडेश्वरला मास्तर झालो, कायमही झालो. देवराव एकोणसत्तर सालाच्या सुमारास दूर समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रात लागला. 'शुद्धीकरण विभागात आहो,' असं त्याचं पत्र आलं तेव्हा वस्तीत हसून हसून पुरेवाट. म्हातारे म्हणाले, "ज्याइले आपली सावली चालत नोती, त्याइले आता आपला देव्या शुद्ध करून राहिला, बाप्पा!" मीही छाती फुगवून पोरांना अणू शिकवू लागलो.

मग दुसरं पत्र आलं. 'इथं जात कोनी इचारत नाई. मशीनवर मानूस पाहिजे. तुयाबद्दल सायबाशी बोललो. राजीनामा दे अन् ये.' बायको म्हणाली, "कायमची नोकरी सोडता काहून?" मी ऐकलं नाही. देवरावचा शब्द म्हणजे माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

कसली मशीन अन् कसलं काय! देवराव केंद्राच्या नोकरीत नव्हताच, एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर होता. देवरावनं मला रबरी बूट चढवले, छातीवर किरणं मोजायचा बिल्ला लावला आणि हातात फडकं दिलं. फरशी पुसायची, तिच्यावर किरणं हुडकायचं यंत्र फिरवायचं, ते टिकटिकलं की पुन्हा पुसायची. शुद्धीकरण ते हेच.

मी त्याची कॉलर धरली. "काहून बोलावलं बे मले?"

तो खाली पाहत म्हणाला, "एकटा होतो गड्या... आपल्या बोलीत बोलाले कोनी नोतं."

एवढ्यासाठी! केसानं गळा कापला त्यानं माझा. चार महिन्यांनी परत आलो तर शाळेत माझ्या जागी दुसरा मास्तर. पुढं कधी चांदूर बाजार, कधी आणखी कुठं, बदली मास्तर म्हणून फिरत राहिलो. कायम हा शब्द माझ्या नावापुढं पुन्हा लागला नाही.

देवराव मागून अकोल्यात स्थिरावला. भेटला की मिठी मारायचा, माझ्या लेकरांना संत्री आणायचा, पण त्या पत्राचा विषय काढला की उठून चहा सांगायला जायचा. चुकलो म्हण, एवढंच मला हवं होतं. शेवटपर्यंत म्हटलं नाही त्यानं.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या बुद्धवंदनेला अकोल्याला गेलो. लेकी-सुना बसलेल्या, मेणबत्त्या लावलेल्या. वयनी जवळ आल्या, हात जोडून म्हणाल्या, "भाऊजी, हे लई हळहळत तुमच्यासाठी. म्हनत, मी त्याले हजारदा सांगतलं, मास्तरकी सोडू नोको, पन त्यानं मायं ऐकलंच नाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, मेल्यावरही मलाच खोटं पाडतोस? ते पत्र अजून माझ्या ट्रंकेत आहे, उद्या आणून दाखवलं असतं. वयनी माझ्या तोंडाकडे पाहत उभ्या होत्या...

"व्हय वयनी," मी म्हणालो, "लई समजावलं त्यानं. मीच गाढव."

वयनींना वाचता येत नाही, म्हणून इथं खरं लिहिलं. पोरांनो, त्यांना वाचून दाखवू नका.